क्विल्टिंग गिल्डची मेंबरशिप: वर्गणी भरली की झालं, की काम पण करायचं?

रंगीत_चौकट:
आमच्या गिल्डच्या, म्हणजे क्विल्ट (गोधड्या) शिवणाऱ्यांच्या मंडळाच्या, वार्षिक सभेत ठराव येतोय, प्रत्येक मेंबरने वर्षात एक तरी जबाबदारी घ्यायचीच, नाहीतर पुढच्या वर्षी मेंबरशिप रिन्यू होणार नाही. मी ठरावाच्या बाजूने आहे. गिल्डमध्ये पगारी माणसं नसतात हो. दर महिन्याची मीटिंग, बाहेरून येणाऱ्या वक्त्या, वर्कशॉप, ब्लॉक ऑफ द मंथ (दर महिन्याला क्विल्टचा एक ठरलेला चौकोन, म्हणजे ब्लॉक, शिवणं), लायब्ररी, न्यूजलेटर, सगळं कोणीतरी आपलं घर सांभाळून करत असतं आणि ते कोणीतरी म्हणजे दरवर्षी त्याच चारपाच जणी. अध्यक्षपदासाठी नावं मागितली की अख्खा हॉल मान खाली घालून बाइंडिंग (क्विल्टच्या कडेची पट्टी) शिवायला लागतो. अमेरिकेतली नॅशनल क्विल्टिंग असोसिएशन १९७० ची, २०१५ मध्ये तीसुद्धा बंद झाली, मग आपल्यासारख्या छोट्या गिल्डने कशाच्या भरवशावर राहायचं? तुमचं मत सांगा.

तिरका_टाका:
माझा साफ विरोध. वर्गणी भरून माणूस शिकायला, बघायला, चार जणींत बसायला येतो. मीटिंग कामाच्या दिवशी सकाळी ठेवायची, नोकरीवाल्यांना येताच येत नाही अशी वेळ धरायची आणि वर त्यांनाच म्हणायचं की तुम्ही काम करत नाही, हा कुठला न्याय? संधिवाताने बोटं आखडलेल्या ज्येष्ठ मेंबर आहेत, त्यांना काय काढून टाकणार? आणि लोक पुढे का येत नाहीत हे पण बघा ना. न्यूजलेटर एकदा हातात घेतलं की ते कायमचं गळ्यात पडतं, कोणी परत घ्यायला येत नाही. मुदत ठरवा, आधीच्या बाईने नीट लिहून द्यावं काय काय करायचं असतं ते, मग बघा येतात की नाही.

हिशेबवही:
मी खजिनदार आहे म्हणून पैशाचं बोलते. नुसत्या वर्गणीत हॉलचं भाडं, विमा आणि वक्त्यांचं मानधन भागत नाही, फरक भरून निघतो तो प्रदर्शनाच्या तिकिटांतून आणि सगळ्यांनी मिळून शिवलेल्या सोडतीच्या क्विल्टमधून. बऱ्याच गिल्ड प्रदर्शन दोन वर्षांतून एकदा घेतात कारण तेवढे क्विल्ट शिवून व्हायला वेळ लागतो. पण प्रदर्शन म्हणजे स्टँड उभे करा, क्विल्ट टांगा, प्रत्येकाचं लेबल नोंदीशी ताडून बघा, दिवसभर पांढरे हातमोजे घालून उभं राहा, कारण लोकांना मागची बाजू बघायची असते आणि कोणी उघड्या हाताने कापड धरलं तर घामाचे तेलकट डाग पडतात. एवढे हात नसतील तर प्रदर्शन नाही, आणि प्रदर्शन नाही तर वर्गणी किती वाढवावी लागेल त्याचा अंदाज करा. ठरावाला माझा पाठिंबा.

पाव_इंच:
काम कशाला म्हणायचं तेच आधी ठरवा. आमच्या छोट्या गटात (बी म्हणतो आम्ही) एक नवीन बाई ब्लॉक घेऊन आली, साडेबारा इंच यायला हवा होता आणि तिचा सव्वाबारालाही पोचत नव्हता. व्हिडिओ बघून बघून ती थकली होती. आमच्यातल्या एका आजींनी ब्लॉक उलटा केला, शिवणींवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, शिवणीत पाव इंचापेक्षा जरा जास्त कापड जातंय, शिवाय शिवण इस्त्रीने दाबताना घडीत थोडं खातं, सुई एक दोऱ्याइतकी कडेकडे घे. ओळीत चार तुकडे म्हणजे तीन शिवणी, प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंनी एक सोळांश इंच जास्त गेलं तरी एकूण तीन अष्टमांश इंच कमी होतात. पुढचा ब्लॉक बरोबर आला. आजी कुठल्याच कमिटीवर नाहीत, तुमच्या ठरावाप्रमाणे त्यांचं काम शून्य! मेंबरशिपमध्ये काय मिळतं असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन, ओळखीचं कोणीतरी ब्लॉक हातात घेऊन उलटा करून बघतं. लायब्ररी, डिस्काउंट हे नंतर.

मोकळी_जागा:
सक्तीला माझाही विरोध पण कारण वेगळं आहे. नवीन लोकांना निर्णयात जागा कुठे असते? मी प्लेन रंगांचे, भरपूर मोकळी जागा सोडलेले क्विल्ट करतो, प्रदर्शनात माझ्यासारख्यांसाठी धड कॅटेगरीच नाही, आणि पुरुष मेंबर असूनही ईमेलची सुरुवात 'मैत्रिणींनो' अशीच. २००९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये मॉडर्न क्विल्ट गिल्ड निघालं आणि बघता बघता पसरलं, कारण अशा कामाला हक्काची जागा हवी होती. आधी कार्यक्रम ठरवताना आम्हाला विचारा, मग खुर्च्या मांडायला सांगा. मांडू ना, आनंदाने.

रंगीत_चौकट:
आजींचा मुद्दा शंभर टक्के पटला. शिकवणं, दान द्यायचे क्विल्ट घरी बसून शिवणं, हे सगळं जबाबदारीत धरायचं, पहिल्या वर्षी नवीन मेंबरना सूट आणि कुठलंही पद दोन वर्षांच्या वर नाही, अशी दुरुस्ती मी लेखी देते. पण ठराव मागे घ्या म्हणणार नाही. आग्रह करून करून बघितलंय आम्ही, त्याच बायका पुढे येतात आणि दमून गिल्डच सोडतात.

तिरका_टाका:
दुरुस्ती चांगली आहे, दोन वर्षांची मुदत तर हवीच. पण रिन्यू करणार नाही हे वाक्य आहे तोपर्यंत माझं मत विरोधातच. आणि सभा संध्याकाळी ठेवा, नाहीतर ज्यांच्यावर हा नियम लागणार त्यातले निम्मे मतदानाला नसतीलच.

हिशेबवही:
संध्याकाळी हॉल मिळतो का ते उद्या विचारते.