एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) मांसासाठी हलक्या पिशव्या कोणत्या घ्याव्यात?

प्रश्न: सप्टेंबरमध्ये अमेरिकेत कोलोरॅडोत धनुष्यबाणाने एल्कच्या शिकारीला चाललोय, पहिलीच वेळ. कॅम्प गाडीपासून ८-९ किमी आत आहे आणि सगळं पाठीवरच आणायचंय. कॉटनच्या पिशव्या स्वस्त मिळतायत, सिंथेटिक महाग. खरंच एवढा फरक पडतो का?

उत्तर १: पडतो हो दादा. कॉटन रक्त पितं, ओलं होऊन जड होतं आणि लवकर वाळत नाही. सिंथेटिकचे ४-५ नग मिळून अर्ध्या-पाऊण किलोच्या आसपास, घरी आल्यावर धुऊन परत वापरता येतात. फक्त वीण बारीक बघा, माशीला आत अंडी घालता येता कामा नये, आणि हवा मात्र खेळली पाहिजे. प्लास्टिकच्या पिशवीत गरम मांस अजिबात भरू नका, आत उष्णता कोंडते आणि हाडाजवळून वास सुटतो, मी एक अख्खी मागची तंगडी अशी घालवलीये, अजून जीव हळहळतो.

उत्तर २: मोठ्या नराचं हाडं काढून पण ८०-९० किलो मांस निघतं, म्हणून मोठ्या दोन पिशव्यांपेक्षा मध्यम पाच घ्या, एका खेपेला झेपेल एवढंच भरा. सावलीत, ओढ्याजवळच्या गार हवेत फांदीला टांगा. आणि हो, कोलोरॅडोत नर-मादीची खूण (म्हणजे प्राणी नर की मादी हे ज्यावरून कळतं तो अवयव) मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेलीच ठेवावी लागते, हाडं काढायच्या नादात ती कापू नका.

प्रश्नकर्ता: खूप आभार! सिंथेटिकच घेतो, पाच.