दवाखान्यातून घरी आल्यावर लेकराचं औषध: तुमचे अनुभव सांगा

मी बेळगावात लहान मुलांच्या वॉर्डात 18 वर्षं सिस्टर होते. डिस्चार्जचा दिवस अजून डोळ्यांपुढे येतो. बाप बिल भरायला खाली गेलेला, आई पिशव्या भरतेय, जांबोटीची बस चुकेल म्हणून सगळ्यांची घाई. कागद इंग्रजीत, आम्ही सांगणार कन्नडात, घरात बोलणार मराठी. त्यात आम्ही ज्याला सांगितलं तो बाप दुसऱ्या दिवशी कामावर, आणि औषध पाजणार ती आजी, जी दवाखान्यात आलेलीच नाही. औषध चुकतं ते इथंच, असं माझं ठाम मत आहे. शेवटी शेवटी मी हट्टच धरायची: जी पाजणार तिलाच बोलवा, आणि तिनं माझ्यासमोर सिरिंजमध्ये औषध भरून दाखवल्याशिवाय फाइल मिळणार नाही. तुमच्या घरी काय घडलं, काय उपयोगी पडलं, मोकळेपणानं लिहा.

माहेर चंदगड, सासर खानापूर तालुका

मला तेव्हा कन्नड येत नव्हतं. सिस्टर "ऊटा आद मेले" म्हणाल्या, मी नुसती मान हलवली. जेवणानंतर द्यायचं, हे घरी आल्यावर नणंदेनं सांगितलं. पण जीव उडाला तो तापाच्या औषधानं. मुलगी अडीच वर्षांची, चिठ्ठीत 5 मिली सिरप. बाटली संपली म्हणून दिरानं दुसरी आणली. नाव तेच, खोकाही तसाच, पण ते तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स निघाले. सासूबाईंनी सवयीनं 5 मिली भरलं. नणंद नर्सिंग शिकते, तिनं वरच्या वर हात धरला. आमच्या सिरपमध्ये 5 मिलीत 120 मिलीग्रॅम पॅरासिटामॉल होतं, आणि ड्रॉप्समध्ये 1 मिलीतच 100. म्हणजे चौपटीहून जास्त पोटात गेलं असतं. तेव्हापासून बाटली नवी आली की आधी "किती मिलीत किती" ते वाचते. आणि औषधाला घरातला चमचा नाही. चहाचा वेगळा, पोह्यांचा वेगळा, कुणाचं माप कुणाला जुळत नाही.

निपाणी, वडील

मुलाला फिट्स येतात. घरी आल्यावर दोन महिने एकही आली नाही. आम्हाला वाटलं, बरा झाला. जत्रेच्या गडबडीत बाटली संपली, चार दिवस आणली नाही. पाचव्या दिवशी पहाटे अंगणातच फिट आली, दोन्ही हातांच्या मुठी वळलेल्या, डोळे वर. ते विसरणं शक्य नाही. डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की फिट येत नाही ती औषधामुळेच, आणि हे औषध एकदम तोडायचं नसतं. कमी करायचं तर आम्ही सांगू तसं, हळूहळू. आता पहिली बाटली निम्मी झाली की दुसरी आणून फळीवर ठेवतो.

कणकुंबी भागातली आशा कार्यकर्ती

जुलाबानं ॲडमिट झालेलं मूल घरी येतं तेव्हा ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या सोबत असतात. झिंक 14 दिवस द्यायचं. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10, म्हणजे गोळी निम्मी, चमचाभर पाण्यात नाहीतर आईच्या दुधात विरघळवून. पण जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळ्या कोनाड्यात जातात. "आता कशाला वो बाई, बरं झालंय की पोर," हे मी दर पावसाळ्यात ऐकते. मी आता चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं 14 रेघा ओढून येते. गोळी दिली की एक रेघ पुसायची. पुढच्या फेरीला गेले की पहिली नजर भिंतीकडे.

शहापूर, मेडिकलवाला

अँटिबायोटिकची पावडरची बाटली असते ना, तिच्यात पाणी बाणापर्यंतच घालायचं, उकळून गार केलेलं. आधी बाटली आपटून पावडर सुटी करायची, थोडं पाणी, हलवायचं, फेस बसला की पुन्हा बाणापर्यंत. एका बाईंनी पावडर थोडी थोडी काढून रोज नवीन पाण्यात कालवली होती. दोष त्यांचा नाही, त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. मी आता गिऱ्हाईकाला विचारून काउंटरवरच तयार करून देतो आणि लेबलवर तारीख घालतो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट असेल तर फ्रिजमध्ये, आणि 7 दिवसांनंतर उरलेलं टाकायचं. घरी फ्रिज नसेल तर शेजाऱ्यांकडे ठेवा, पण आधी मला सांगा. बाहेर राहणारं औषध चालेल का, ते डॉक्टरांना फोन करून विचारता येतं. मागच्या आजाराची उरलेली बाटली धाकट्याला पाजू नका, हात जोडून सांगतो.

चिकोडी, आजोबा

नातवाला दम्याचा पंप. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची नळी, पिशवीतच राहिला, आम्ही नुसताच पंप तोंडात मारत होतो, औषध सगळं जिभेवर. महिन्यानं तपासणीला गेल्यावर कळलं. आता स्पेसर लावतो आणि नंतर चूळ भरायला लावतो.

यळ्ळूर, आजी (नातीकडून लिहून घेतेय)

मला वाचता येत नाही. नातवाच्या तीन बाटल्या. सकाळच्या बाटलीला मी लाल दोऱ्याची एक गाठ मारली, सकाळ-संध्याकाळच्या बाटलीला दोन, आणि जी फक्त त्रास झाला तरच द्यायची ती वेगळ्या डब्यात, वरच्या फळीवर. सिस्टरनं सिरिंजवर मापाच्या रेघेला चिकटपट्टी लावून दिली होती, तिथपर्यंत ओढायचं. परवा पोराचं वजन वाढलं म्हणून डॉक्टरांनी माप वाढवलं. मी म्हटलं, "थांबा वो, आधी चिकटपट्टी वर सरकवा, मग जाते."