.२२ रायफलची बॅरल (नळी): दर वेळी घासायची की ग्रुप (लक्ष्यावर पडलेल्या गोळ्यांचा झुबका) पसरेपर्यंत हात लावायचा नाही?

धागाकर्ता: .२२ ची गोळी बहुतेकदा उघड्या शिशाची, वर मेणाचा पातळ लेप. हा लेप बोअरमध्ये (नळीच्या आतल्या पोकळीत) बसला की गोळ्या एका जागी पडू लागतात. सॉल्व्हंटने (मळ विरघळवणाऱ्या द्रवाने) नळी कोरी करकरीत केली की पुढच्या १०-२० गोळ्या पुन्हा लेप बसवण्यातच जातात. म्हणून ग्रुप पसरेपर्यंत बोअरला हात नको. चेंबरचं (काडतूस बसतं त्या जागेचं) तोंड आणि बोल्टचा (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याचा) दर्शनी भाग पुसला की झालं. बॅरलचं वाटोळं गोळीपेक्षा सफाईचा रॉडच जास्त करतो.

चिंधीवाला: अर्धं पटलं. चेंबरच्या लगेच पुढे कार्बनचं कडं धरतं, त्याचं काय? ते दगडासारखं घट्ट होतं, आणि ग्रुप पसरल्यावर जागं व्हायचं म्हणजे मग ब्रशने झगडत बसा. त्यापेक्षा दर वेळी सॉल्व्हंटच्या दोन चिंध्या, १० मिनिटं थांबून कोरड्या चिंध्या. ब्रश लागतच नाही.
दोष रॉडचा नाही, हाताचा. जोडाचा अ‍ॅल्युमिनियम रॉड वाकतो, वर त्याच्या मऊ धातूत बारीक कच रुतते आणि तो कानशीसारखा घासतो. एकसंध रॉड घ्या, बोल्ट काढून बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावा आणि मागून पुढे जा. मूठ बेअरिंगवर फिरणारी हवी. .२२ चं रायफलिंग (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) साधारण १६ इंचांत एक फेरा घेतं; ब्रश सोबत फिरला नाही तर खाचांतली घाण तशीच राहते.

दोरीपंथी: एवढा पसारा कशाला? पुलथ्रू (नळीतून ओढायची सफाईची दोरी) एकदा ओढली, काम झालं.

चिंधीवाला: ती शेवटची धुतली कधी? न धुतलेली दोरी मागची घाण पुढच्या वेळी परत आत नेते. शिवाय तिरकी ओढली की क्राउनची (नळीच्या पुढच्या तोंडाच्या कडेची) एकच बाजू झिजते, आणि अचूकता तिथेच जाते. आत तुटली तर विचारूच नका.

मोठ्या बोअरचा: हा वाद .२२ पुरताच ठेवा. तांब्याच्या जॅकेटची (आवरणाची) गोळी असेल तर अमोनियाचा सॉल्व्हंट लागतो. बाटलीवरची वेळ ओलांडायची नाही. चिंधी निळी आली म्हणजे तांबं निघतंय. पण जॅग (रॉडचं चिंधी धरणारं टोक) पितळेचा असेल तर निळा रंग त्याचाच, आणि लोक स्वच्छ बॅरल तासभर घासत बसतात! प्लॅस्टिकचा जॅग वापरा. जुन्या क्लोरेटच्या प्रायमरची (काडतूस पेटवणाऱ्या टिकलीची) काडतुसं असतील तर आधी गरम पाणी. मागे उरतं ते क्षार, तेलात विरघळत नाही, हवेतलं पाणी ओढून गंज धरतं.

धागाकर्ता: कड्याचा मुद्दा मान्य. मग चेंबरपासून दोन-तीन इंचांपर्यंतच ओली चिंधी फिरवा, पुढचा लेप राहू द्या.

चिंधीवाला: आणि सॉल्व्हंट ओघळून ट्रिगरमध्ये गेला की? साफ करताना नळीचं पुढचं तोंड खाली ठेवा. दमट हवेत तेलाचा हात लागतोच, पण ते तेल गोळी झाडण्याआधी कोरड्या चिंधीने काढायचं, नाहीतर पहिली गोळी भलतीकडे.