दसरा ते तुळशीचं लगीन : बाजारातला ओला माल आणि आपला स्वयंपाक (अनुभव धागा)

परतीचा पाऊस ओसरला की बेळगावच्या बाजारात माल एकदम बदलतो. ओल्या शेंगा, नवा बटाटा, रताळी, पुंडी (अंबाडी), काटेरी वांगी, तांबडा भोपळा, खानापूरकडून सुरण आणि तवशी (मोठ्या जून काकड्या). पाककृती सगळ्यांकडे आहेतच. पण त्यांतली पाण्याची, गुळाची आणि वेळेची मापं मुरलेल्या, सुकलेल्या मालाची असतात. आश्विनातला माल कालपरवा जमिनीतून निघालेला, अंगात पाणी धरून असलेला. जुन्या मापाने करायला गेलं की पुरण सैल, वडा चिकट, भात गिचका. म्हणून हा धागा. प्रमाण लिहा, काय बिघडतं आणि का, ते लिहा. वाटी म्हणजे 150 मिलिची धरूया, नाहीतर प्रत्येकाची वाटी वेगळी. नोंदीवर आपलं गाव लिहा. आठवणींचा धागा वेगळा आहे, त्या तिकडे.

कडोली

ओल्या शेंगा. घेताना चार शेंगा फोडून बघा. टरफलाची आतली बाजू पांढरी आणि दाणा पाणचट असेल तर शेंग कोवळी. आतून तपकिरी डाग धरले असतील तर शेंग भरलेली. उकडायला दोन्ही चालतात, पण एकत्र नकोत, कारण कोवळी शेंग निम्म्या वेळात शिजते आणि भरलेली शिजेपर्यंत तिचा लगदा होतो.

1 किलो शेंगा पंधरा मिनिटं पाण्यात भिजवून गोणपाटावर चोळा, नुसत्या नळाखाली धरून माती निघत नाही. मग 2 लिटर पाणी, 60 ग्रॅम खडेमीठ. शेंगा तरंगतात, वर ताटली आणि तिच्यावर वजन ठेवा. उघड्या पातेल्यात उकळी आल्यापासून 40 ते 45 मिनिटं. कुकरमध्ये एक शिट्टी, मग मंद आचेवर 15 मिनिटं. गॅस बंद केल्यावर लगेच उपसू नका. अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्या, कारण मीठ आत जातं ते मुख्यतः निवताना. "मीठ लागलंच नाही" म्हणणारे बहुतेक इथेच घाई करतात आणि पुढच्या वेळी मीठ वाढवतात.

तीनचार दिवस उन्हात पडलेल्या शेंगा असतील तर वेळ दीडपट धरा. काळपट, बुरशीचा वास येणारी शेंग निवडून टाका, उकडून ती बुरशी खायच्या लायकीची होत नाही. उकडलेल्या शेंगा फ्रिजमध्ये दोन दिवस. बुळबुळीत लागल्या की फेकायच्या.

निपाणी

वरच्याला जोडून, ओल्या दाण्यांची आमटी. कच्चे ओले दाणे 1 वाटी, चार हिरव्या मिरच्या, सहा पाकळ्या लसूण, अर्धा चमचा जिरं, थोडं ओलं खोबरं. बारीक वाटून 4 वाट्या पाणी. फोडणीत मिश्रण ओतलं की उकळी येईपर्यंत डाव थांबवायचा नाही. दाण्याचा गाळ बुडाला बसतो आणि करपतो, वर फेस येऊन उतू जातंय ते वेगळंच. पातेलं निम्मंच भरा. उकळी आल्यावर मंद आचेवर किमान 10 मिनिटं, नाहीतर कच्चट हिरवा वास राहतो. आमसूल शेवटी. सुक्या दाण्यांच्या कुटाची आमटी पाच मिनिटांत होते, ही होत नाही, ओल्या दाण्यात भाजलेपणा नसतो तो वेळेने भरून काढायचा.

शहापूर, बेळगाव

नवा बटाटा. अंगठ्याने साल सुटत असेल तर तो खरा नवा. त्याची पातळ भाजी उत्तम, रस्सा उत्तम, सालासकट काचऱ्या उत्तम. बटाटेवडा आणि पराठ्याला मात्र वाईट. पाणी जास्त असतं, उकडून कुस्करलं की चिकट होतं आणि तळताना वडा फुटतो. करायचाच असेल तर पाण्यात न बुडवता जाळीवर वाफवा, सोलून गार करा, किसणीने किसा. मिक्सर किंवा जोराने मळणं नको, त्यानेच चिकटपणा वाढतो. मग सारण कोरड्या तव्यावर पाच मिनिटं परता.

हिरवी झाक आलेला भाग जाड कापून टाका, तो कडू असतो आणि बाधतो. अर्धा बटाटा हिरवा असेल तर अख्खाच टाका. साठवायला हा माल नाही. साल पक्कं झालेलं नसतं, आठदहा दिवसांत पाणी सुटतं. पोत्यावर पसरून, अंधारात, कांद्यापासून लांब.

उचगाव

आमच्या पश्चिम भागात रताळी भरपूर, नवरात्रात बाजार समितीत गाड्याच्या गाड्या लागतात. पण लोक तक्रार करतात की गोड नाहीत. काल काढलेलं रताळं गोड नसतंच. हवेशीर जागी आठदहा दिवस ठेवा, पिठाची साखर होऊ लागते. फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठ्याने मधला गाभा कडक होतो आणि तो नंतर कितीही शिजवला तरी दडस लागतो.

दुसरं, शिजवण्याचा वेग. रताळं हळूहळू तापलं तर त्यातल्या पिठाची आणखी साखर होते. कुकर झटकन तापतो, ती संधीच देत नाही. जाळीवर मंद वाफेत 30 मिनिटं दिली तर चवीतला फरक मुद्दाम शोधावा लागत नाही. चुलीच्या राखेत भाजलेलं गोड लागतं त्याचंही कारण हेच.

पोळीसाठी : वाफवलेली रताळी 500 ग्रॅम (सोलल्यावर), गूळ 150 ग्रॅम, जायफळ, वेलची, चिमूटभर मीठ. रताळी गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, दोरे जाळीवर राहतात. गूळ घातला की मिश्रण पातळ होतं, घाबरून पीठ घालू नका, पोळी पिठूळ लागते. जाड बुडाच्या कढईत 12 ते 15 मिनिटं आटवा. उलथनं मधोमध उभं राहिलं की उतरवा आणि पूर्ण गार करा. कोमट पुरण भरलं की पोळी काठाला फुटते. हरभऱ्याच्या पुरणापेक्षा हे मऊ असतं, त्यामुळे कणकेचा उंडा पुरणाएवढाच घ्यावा.

गुळाबद्दल एक. नवा गूळ गुऱ्हाळं लागल्यावर येतो, दसऱ्याला मिळतो तो गेल्या हंगामाचा. त्यात कधी खर येते, कधी तो किंचित खारट असतो. पाव वाटी पाण्यात विरघळवून गाळा, आणि ते पाणी आटवण्याच्या वेळेत धरा.

बैलहोंगल

पुंडीचा, म्हणजे अंबाडीचा, गरगट्टा (डाळ आणि पाला घोटून केलेली भाजी). इथे एकच चूक सगळीकडे होते : डाळ आणि पाला एकत्र कुकरला. पाला आंबट, आंबटात डाळ मऊ पडत नाही, पाच शिट्ट्या दिल्या तरी दाणा हाताला लागतो.

निवडलेली पानं 250 ग्रॅम. देठ घेऊ नका, पावसाळ्यानंतरचा देठ दोरखंड असतो. तूरडाळ 1 वाटी वेगळी शिजवा. जोंधळ्याच्या कण्या पाऊण वाटी, तासभर भिजवून डाळीसोबतच. पानं चिरून दोन वाट्या पाण्यात पाच मिनिटं उकळा आणि पाण्याची चव बघा. फार आंबट असेल तर निम्मं पाणी काढून टाका, सगळं टाकलं तर भाजीत काही उरत नाही. मग डाळ, कण्या, पाला एकत्र करून रवीने घोटा, हिरव्या मिरचीचा ठेचा 2 चमचे, मीठ, आणि दहा मिनिटं रटरटू द्या. फोडणी : शेंगतेल 4 चमचे, मोहरी, 15 पाकळ्या लसूण ठेचून लालसर होईपर्यंत. निम्मी फोडणी भाजीत, निम्मी ताटात वरून.

बिनकल्हईचं पितळ, तांब्याचं भांडं, ॲल्युमिनियमची कढई या भाजीला नको. मातीची किंवा स्टीलची.

चिकोडी

गरगट्ट्यात कण्या पाऊण वाटी फार झाल्या असं माझं मत. गार झाल्यावर तो घट्ट गोळा होतो. दोन चमचे तांदळाच्या कण्या पुरतात. लसणाबद्दल वाद नाही.

बैलहोंगल

आमच्यात तो भाकरीवर ठेवून खातात, वाटीत ओतून नाही. घट्ट पाहिजेच.

गोकाक

एण्णगाई, म्हणजे आपली भरली वांगी, पण हात सैल ठेवून तेल. वांगी 400 ग्रॅम, अंगठ्याएवढ्या देठाची, काटेरी. पावसानंतर कीड हमखास, देठाच्या टोपीखाली भोक बघा. चिरून लगेच मिठाच्या पाण्यात.

मसाला : भाजलेल्या दाण्यांचा कूट 1 वाटी, तीळ 2 चमचे, कारळे 2 चमचे, सुकं खोबरं 2 चमचे, भाजलेला कांदा एक, लसूण 8 पाकळ्या, चिंचेचा कोळ 2 चमचे, गूळ 1 चमचा, तिखट 2 चमचे, मीठ. कारळे शेवटी आणि मंद आचेवर, तडतड सुरू झाली की उतरवा. ते काळेच असतात, करपलेले डोळ्यांना कळत नाहीत, आणि मग सगळी भाजी कडू. तिखटात निम्मी ब्याडगी रंगासाठी, निम्मी संकेश्वरी झणक्यासाठी. नुसती संकेश्वरी दोन चमचे घातली तर पाहुणे परत येणार नाहीत.

तेल 6 चमचे. मसाला भरलेली वांगी आधी सगळ्या बाजूंनी परतायची, साल सुरकुतली पाहिजे, मग उरलेला मसाला, मग 1 वाटी उकळतं पाणी. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर 15 मिनिटं. नव्या हंगामाचं वांगं लवकर शिजतं, वीस मिनिटांवर गेलं की देठ हातात आणि गर तळाला. सुरीचं टोक देठाजवळ सहज गेलं की बास.

खानापूर

सुरण. खाजेची भीती अर्धी विकत घेतानाच घालवता येते : नुकता खणलेला, ओल्या मातीचा गड्डा घेऊ नका. घरात महिनाभर सुकलेला बरा. हाताला तेल, सुरणाला पाणी न लावता सोला, आधी धुतला की हात जास्त खाजतात. अर्धा किलो फोडी, लिंबाएवढी चिंच, बुडेल इतकं पाणी, 15 मिनिटं उकळून ते पाणी फेका. मग काप करून रव्यात घोळवून तव्यावर. अळूचंही तेच शास्त्र, आंबट कमी पडलं की घसा सांगतो.

तवसं (जून, पिवळी पडलेली मोठी काकडी) मिळालं तर तवसळी, म्हणजे त्याच्या वाफवलेल्या गोड वड्या. बिया काढून कीस 3 वाट्या, सुटलेलं पाणी फेकायचं नाही. जाड तांदळाचा रवा 2 वाट्या, तांबूस भाजलेला. गूळ दीड वाटी, ओलं खोबरं 1 वाटी, मीठ, वेलची. कीस आणि गूळ एकत्र गरम करा, रवा घालून अर्धा तास झाकून ठेवा. वरून पाण्याचा थेंबही नको. सरसरीत वाटलं तरी थांबा, रवा पाणी पितो. तळाला हळदीचं पान, ते तुळशीच्या लग्नापर्यंत हिरवं मिळतं. वाफेवर 40 मिनिटं, पूर्ण गार झाल्यावर वड्या. गरम कापली की तिचा शिरा होतो. आणि हो, देठाकडचा तुकडा आधी चाखा. कडू असेल तर चार बोटं कापून पुन्हा चाखा, तरी कडूच लागलं तर ते तवसं वापरूच नका.

वडगाव

घारग्यांचं थोडक्यात. तांबड्या भोपळ्याचा कीस 2 वाट्या, गूळ 1 वाटी, दोन्ही फक्त गूळ विरघळेपर्यंत गरम करा. पाक होऊ दिला की घारगे कडक. गार झाल्यावर मावेल तेवढी कणीक (साधारण अडीच वाट्या), 2 चमचे तांदळाचं पीठ, 2 चमचे मोहन. पाणी नाही. पीठ लगेच थापायला घ्या, ठेवलं की गुळाने सैल होतं आणि मग जास्त कणीक जाते.

येळ्ळूर

कार्तिकात नवा तांदूळ येतो म्हणून हे आधीच लिहून ठेवतो. जुन्या तांदळाला 1 वाटीला सव्वादोन वाट्या पाणी घालत असाल तर नव्याला दीड. भिजवायचा नाही, दोनदाच धुवायचा. मोकळा भात हवाच असेल तर कुकर विसरा, भरपूर उकळत्या पाण्यात उघडा शिजवून पेज काढा. ती पेज मीठ, तूप, मेतकूट घालून प्या. मसालेभाताला नवा इंद्रायणी वापरू नका. खिरीला मात्र नवाच घ्या : 1 लिटर दुधाला 3 चमचे तांदूळ पुरतात, जुन्याचे 5 लागतात.

चिकोडी

नव्या तांदळाच्या पिठाची भाकरी तव्याला चिकटते, त्यावर उपाय?

येळ्ळूर

निम्मं जुनं पीठ मिसळा, उकड काढताना पाणी पिठाच्या बरोबरीपेक्षा दोन चमचे कमी घ्या, आणि तवा नीट तापल्याशिवाय भाकरी टाकू नका.