कोश ऑनलाइन आले म्हणून छापील खंड रद्दीत?

तळटीप: काल इथे एकाने लिहिलं, "विद्यापीठाच्या ग्रंथालयाने नवे कोश ऑनलाइन घेतले. आता संदर्भ विभागातले जाडजूड खंड रद्दीत काढा, बसायला जागा होईल." उत्तर दोन ओळींत मावेना, म्हणून वेगळा धागा काढला. नवे कोश आले याचा आनंदच आहे. पण 'घेतले' म्हणजे काय? बहुतेकदा ती वर्षाची वर्गणी असते. ती थांबली की आधी कितीही वर्षं पैसे भरलेले असोत, दार बंद. कायमच्या हक्काचे करारही होतात, पण नव्या शीर्षकांची यादी लावताना यातलं नेमकं काय केलंय ते कुणी सांगत नाही.

नवाक्षर: आणि खंड शिळे होतात त्याचं काय? ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची छापील दुसरी आवृत्ती १९८९ची, २० खंडांची. ऑनलाइन कोशात २००० पासून दर तीन महिन्यांनी भर पडतेय. ब्रिटानिकाने तर छपाई बंद केल्याचं २०१२ मध्येच जाहीर केलं. २००६ च्या जरा आधीचा कोणताही विश्वकोश काढा, प्लूटो अजून ग्रहच आहे. हे विद्यार्थ्यांच्या हातात द्यायचं?

तळटीप: हो, द्यायचं! त्या काळी लोक काय मानत होते ते त्या काळच्या कोशातच सापडतं. ऑनलाइन नोंद सुधारली की जुना मजकूर गायब. तुम्ही संदर्भ दिलेला असतो, परीक्षक पान उघडतो आणि ते वाक्यच तिथे नसतं.

अर्धविराम: सरसकट विधानं करू नका. स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञान कोश दर तिमाहीची प्रत गोठवून जपून ठेवतो, संदर्भ देण्यासाठी तिचा वेगळा पत्ताही देतो. वर फुकट.

तळटीप: बरं, स्टॅनफर्डपुरतं मान्य. वर्गणीवाल्यांपैकी किती जण हे करतात ते सांगा.

रात्रपाळी: तुम्ही कोशांवरून भांडताय, पण घरून ते उघडतात कुणाला? ग्रंथालयाच्या यादीतून टिचकी मारा, लॉगिन करा, आणि प्रकाशकाचं पान म्हणतं, 'आपल्या संस्थेला प्रवेश नाही'. तीच नोंद कॅम्पसवर लगेच उघडते. प्रबंध जमा करायच्या आठवड्यात मी रात्री अकराला हे भोगलंय. दिवसा नोकरी करणाऱ्याने काय करायचं?

संदर्भखिडकी: मी ग्रंथालयात काम करते. कॅम्पसवर प्रकाशक आयपी पत्त्यावरून, म्हणजे तिथल्या नेटवर्कच्या क्रमांकावरून ओळखतो. घरून प्रॉक्सीमार्फत, म्हणजे ग्रंथालयाच्या मधल्या सर्व्हरमधून जावं लागतं, आणि नवं शीर्षक आलं की त्याचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आमच्या प्रॉक्सीच्या यादीत घालावं लागतं. ते राहून गेलं की हेच होतं. कळवलंत तर लगेच दुरुस्त होतं.

रात्रपाळी: कळवलं होतं! 'ब्राउझर बदलून पाहा' असं उत्तर आलं. ब्राउझर बदलून डोमेन यादीत जातं का?

संदर्भखिडकी: नाही जात. ते उत्तर चुकीचंच होतं. पण सगळा दोष आमच्या माथी मारू नका, प्रकाशक न सांगता पत्ते बदलतात.

अर्धविराम: आणि एका वेळी ठरावीक जणांनाच प्रवेश, ते? परीक्षेच्या तोंडावर सगळा वर्ग एकाच कोशावर येतो आणि बाकीचे ताटकळत बसतात. छापील ग्रंथाचे निदान वेगवेगळे खंड तरी वेगवेगळे लोक घेऊन बसतात.

दूरदृष्टी: मला फार कमी दिसतं. कोशांचा तो बारीक टाइप, तीन-तीन स्तंभ, भिंग धरून एक नोंद वाचेपर्यंत डोकं उठायचं. आता अक्षर हवं तेवढं मोठं करते, नाहीतर स्क्रीन रीडरवर ऐकते. खंडांची माया असणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

तळटीप: याला माझ्याकडे उत्तर नाही. ऑनलाइन हवंच. तरीही खंड हलवायच्या आधी त्या शीर्षकाचा करार कायमचा आहे की वार्षिक, हे यादीतच लिहा.

नवाक्षर: लिहा की, कोण नको म्हणतंय! पण करार कायमचा असेल तर खंड जाऊ द्याल ना?

तळटीप: जुन्या आवृत्तीचा मजकूर त्यात मिळत असेल तर. नसेल तर नाही.

रात्रपाळी: कराराचं सावकाश ठरवा. शनिवारी रात्री प्रवेश नाकारला तर कुणाला कळवायचं, ते आधी सांगा.