खासगी वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी देताना बाहेरच्या तज्ज्ञांवर किती विसंबावे?

प्रश्न (एक पालक):
नमस्कार. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९च्या कायद्यानुसार नव्या महाविद्यालयाला परवानगी देताना आर्थिक क्षमता, पुरेसे अध्यापक आणि रुग्णालयातील सुविधा पाहिल्या जातात, आणि त्यासाठी मूल्यांकन मंडळाला सचोटी व अनुभव असलेल्या बाहेरच्या तज्ज्ञांची मदत घेता येते. हे तज्ज्ञ बहुधा दुसऱ्या महाविद्यालयांतले प्राध्यापक असतात. मंडळाच्या कर्मचाऱ्यांना न दिसणारे असे त्यांना नेमके काय दिसते?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, पॅथॉलॉजी):
पुष्कळ काही दिसते. मी अशा पाहण्यांना गेलो आहे. एका ठिकाणी बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीत रोज शेकडो रुग्ण होते, परंतु त्याच दिवसांच्या प्रयोगशाळेच्या वहीत रक्ततपासण्या इतक्या तुरळक होत्या की ते रुग्ण केवळ कागदावरच आले असावेत, हे उघड होते. ज्याने आयुष्यभर रुग्णालयात काम केले आहे, त्यालाच या दोन वह्या शेजारी ठेवण्याचे सुचते. केवळ खाटा मोजायच्या असतील, तर प्राध्यापकाची गरज नाही.

उत्तर २ (वकील):
सरांचे म्हणणे मान्य आहे, तरीही तज्ज्ञ असणे आणि निःपक्ष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५मध्ये सीबीआयने नोंदवलेल्या गुन्ह्यात पाहणीची माहिती महाविद्यालयांना आधीच पोहोचवणे, लाच, कागदोपत्री अध्यापक आणि खोटे रुग्ण असे आरोप आहेत. ते न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. कायद्याने पूर्वसूचना न देता पाहणी करण्याची मुभा दिली आहे, पण तारीख फुटली की त्या तरतुदीत काही उरत नाही. माझ्या मते तज्ज्ञांची निवड अगदी शेवटच्या क्षणी, दुसऱ्या राज्यातून व्हावी, त्यांनी हितसंबंध लेखी जाहीर करावेत आणि त्यांचा अहवाल सहीसकट सर्वांना वाचायला मिळावा. निर्णय मात्र मंडळाने स्वतः कारणे देऊन घ्यावा. तज्ज्ञांच्या शिफारशीआड लपू नये.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. अहवाल हाती येत नाही, तोवर आम्ही पालकांनी काय पाहावे?

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापक, पॅथॉलॉजी):
कोणालाही न कळवता, कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तिथल्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन तासभर बसा. केसपेपरच्या खिडकीपुढची रांग आणि औषधांच्या खिडकीपुढची गर्दी यांचा मेळ बसतो का, तेवढे पाहा.