मदत हवी आहे: क्रीडा मानसशास्त्र शिकायचंय, पण शिरायचं कुठल्या दारातून?

दहा_दशांश_नऊ:

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे. विभाग चुकला असेल तर संपादकांनी कृपया हलवावा.

मी कोल्हापूरची, बीए मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. आठवीपासून १० मीटर एअर रायफल करत होते. आमच्याकडे तेजस्विनीताई (सावंत), राहीताई (सरनोबत) या नेमबाजांची नावं घरातल्यासारखी घेतली जातात. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेला कांस्य मिळालं तेव्हा तर गल्लीतल्या ज्या काकूंनी कधी रायफल पाहिली नाही त्याही मला ‘थ्री पोझिशन म्हंजे काय गं’ विचारत होत्या.

माझी गोष्ट एवढी मोठी नाही. दोन वर्षांपूर्वी राज्य स्पर्धेत होते. पात्रता फेरीला ६० शॉट आणि सव्वा तास असतो. पन्नास शॉटपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, ‘फायनलला जातीय बघ ही.’ एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ मिळतात, माझा एकावन्नावा ९.१ गेला. नवशिकीलाही लाज वाटावी असा. त्यानंतर मी काय केलं, तर बोटाकडे बघायला लागले. ट्रिगरचा पहिला टप्पा कधी घेते, श्वास कुठे थांबवते, गाल किती टेकवते... सहा वर्षं जे आपसूक होत होतं ते मुद्दाम करायला गेले. या प्रकारात दहाचं वर्तुळ असतं अर्ध्या मिलिमीटरचं, ते काय असल्या मुद्दामपणाला दाद देतंय! फायनल गेली. सर म्हणाले, ‘मन खंबीर कर.’ करते ना, पण कसं? ते काही कुणी सांगितलं नाही.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेत आणि मणिपूरच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात क्रीडा मानसशास्त्रात एमए करता येतं असं कळलंय. मणिपूरचं नाव काढलं की बाबा २०२३पासूनच्या हिंसाचाराच्या बातम्या काढतात आणि विषय संपतो. नाहीतर इथेच किंवा पुण्यात साधं मानसशास्त्रात एमए करायचं आणि पुढे बघायचं. मामा म्हणतो इंग्लंडला जा, कर्ज काढू. आईला एकच काळजी, ‘यात नोकरी असती का?’

कुणी या क्षेत्रात असेल तर सांगा. दिवसभर नक्की काय काम असतं? विद्यापीठात शिकवणं आणि खेळाडूंबरोबर काम करणं, दोन्ही जमतं का?

—

गंमतराव:

आयपीएलच्या संघात घेतात का बघ, डगआउटमध्ये फुकट बसायला मिळेल. 😄

—

मैदानकाठ:

वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष कर. मी एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि आठवड्यातले दोन दिवस एका अकादमीत जाते. नऊ वर्षं झाली.

आधी तुझ्या एकावन्नाव्या शॉटबद्दल. तू जे लिहिलंस त्यावर रिच मास्टर्स या संशोधकाचा १९९२ चा गोल्फ पटिंगवरचा (चेंडू हळूच खळग्यात ढकलण्यावरचा) प्रयोग जरूर वाच. ज्यांना नियम सांगून सांगून शिकवलं होतं ते ताण आल्यावर अडखळले. ज्यांच्या डोक्यात नियम साठूच दिले नव्हते ते त्या मानाने टिकले. ताण आला की माणूस साठवलेले नियम उकरून काढतो आणि हाताला हुकूम सोडतो. तुझं मन कमकुवत नव्हतं गं, ते नको तिथे नको तेवढं कामाला लागलं होतं. पदवीच्या प्रकल्पासाठी विषय शोधत असशील तर हाच घे. रेंज तुझ्या घराजवळ आहे, असं नशीब सगळ्यांचं नसतं.

आता दिवसभराचं काम. लोकांना वाटतं खुर्चीत बसून समुपदेशन. गेल्या मंगळवारी मी चार तास तिथे होते, त्यात दार लावून बोलणं जेमतेम दहा मिनिटं झालं. बाकी वेळ मॅटच्या कडेला. सोळा वर्षांची एक कुस्तीगीर तिसऱ्यांदा बुटाच्या नाड्या सोडून बांधत होती. शेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘मॅडम, काल दुपारपास्नं पाणी प्यायले नाही, वजन बसत नाहीये.’ आता इथे कसलं व्हिज्युअलायझेशन (डोळे मिटून खेळ मनात बघणं) करायचं? तिला विचारून डॉक्टरांना सांगितलं, मग तिघींनी मिळून प्रशिक्षकांशी बोललो.

‘तिला विचारून’ हे शब्द परत वाच, कारण या कामातलं सगळ्यात अवघड प्रकरण तिथेच आहे. मानधन अकादमी देते. मुलगी अल्पवयीन, म्हणून संमतीवर सही आईवडिलांची. आणि गुपित मुलीचं. प्रशिक्षक चहा पिताना सहज विचारतात, ‘काय म्हणत होती ती?’ वाईट हेतू नसतो, पण एकदा तू सांगितलंस की त्या मैदानावर पुन्हा कुणी तुझ्याशी खरं बोलत नाही. आणि काहीच सांगितलं नाहीस तर प्रशिक्षक तुला लांब ठेवतात. पहिली तीन वर्षं मला हे जमलं नव्हतं. आता पहिल्याच दिवशी खेळाडू, पालक, प्रशिक्षक अशा तिघांना समोर बसवून काय सांगणार, काय नाही आणि जिवाला धोका दिसला तर काय करणार, हे ठरवून टाकते.

प्रशिक्षकाने लांब ठेवणं नवीन नाही बरं. इलिनॉय विद्यापीठात १९२५ मध्ये क्रीडा प्रयोगशाळा काढणाऱ्या कोलमन ग्रिफिथला १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकाने बोलावलं, तर संघाच्या मॅनेजरने, म्हणजे तिथल्या मुख्य प्रशिक्षकाने, त्याला दारात उभं केलं नाही. तेव्हा तुझ्यामाझ्या वाट्याला आलं तर रडायचं नाही.

माझं मत विचारशील तर एमए साध्या मानसशास्त्रात कर, क्लिनिकल किंवा समुपदेशनाचे पेपर घे. खेळ तुझ्या अंगात आहेच. ज्या खेळाडूला झोप नाही, खाणं नाही, नैराश्य आहे, ती ओळखता आली पाहिजे आणि वेळेत दुसरीकडे पाठवता आली पाहिजे. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. क्रीडा मानसशास्त्राला आपल्याकडे तसा वेगळा परवाना नाही, म्हणून चार दिवसांचं प्रमाणपत्र घेऊन ‘माइंड कोच’ची पाटी लावणारे पोत्याने मिळतात. त्या प्रमाणपत्रांवर पैसे घालू नकोस. आणि बाहेरून एमए करायचा विचार असेल तर सोड. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन शिकवायला मनाई केली आहे.

आईला सांग, नोकरी आहे, पण सरळ नाही. साईच्या (भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या) केंद्रांत ‘हाय परफॉर्मन्स अॅनालिस्ट’ अशा नावाने मानसशास्त्राच्या जागा निघतात, कंत्राटी. आपल्याकडे कांदिवली आणि संभाजीनगरला साईची केंद्रं आहेत. माझं घर कॉलेजच्या पगारावर चालतं. अकादमीच्या मानधनात गाडीचं पेट्रोल निघतं, एवढंच.

—

शिट्टीवाले_काका:

मॅडमचं लिखाण आवडलं, पण शेवटी थोडा वेगळा सूर लावतो. तीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालो. मानसशास्त्रवाल्यांना मैदानाची भाषा कळत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. सराव कुठल्या टप्प्यावर आहे, स्नायूंचा थकवा कुठला आणि मनाचा कुठला, हे न कळता सगळ्याचं खापर आत्मविश्वासावर फोडतात. ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी शरीरक्रियाशास्त्र, बायोमेकॅनिक्सवाले शेजारच्या खोलीत असतात. त्याला किंमत आहे.

आता आमच्या बाजूचं पापही कबूल करतो. आमच्याकडे एमपीएडचा (शारीरिक शिक्षणातल्या मास्टर्सचा) प्रबंध म्हणजे काय? पन्नास खो-खोवाले, पन्नास कबड्डीवाले, स्पर्धेची चिंता मोजणारी मार्टेन्सची स्कॅट प्रश्नावली वाटली, टी-टेस्ट, ०.०५ पातळी, बाइंडिंग, पेढे. पंधरा प्रश्नांतले पाच नुसते भरतीचे असतात, गुण दहांचेच धरायचे, हेही काही जणांना ठाऊक नसायचं. असले चाळीसेक प्रबंध मीच सहीनिशी पास केलेत. तू संशोधनात गेलीस तर एवढी कृपा कर, एकेचाळिसावा लिहू नकोस.

आणि बाळ, प्राध्यापकीचं आधीच तपास. नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा मानसशास्त्राची वेगळी आणि शारीरिक शिक्षणाची वेगळी. एमए ‘क्रीडा मानसशास्त्र’ असलं की कुठल्या विभागाच्या जाहिरातीत ते ‘संबंधित विषय’ धरतील यावरून घोळ होतो. प्रवेशाआधीच ज्या विद्यापीठात पुढे जायचंय तिथे लेखी विचार. एमएला पंचावन्न टक्क्यांची अट विसरू नकोस.

—

टेम्सकाठची:

मामांनी कर्ज काढायच्या आधी हे वाचा. इथे इंग्लंडमध्ये ‘स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजिस्ट’ ही कायद्याने राखीव उपाधी आहे. एचसीपीसी या इथल्या नियामक संस्थेची नोंदणी नसेल तर लावता येत नाही. नुसत्या एका वर्षाच्या एमएस्सीने ती मिळत नाही. आधी बीपीएस (ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी) ही संस्था तुमच्या बीएमध्ये मानसशास्त्र पुरेसं आहे का ते तपासते, नसेल तर आणखी एक कन्व्हर्जन कोर्स. मग मान्यताप्राप्त एमएस्सी. मग साधारण दोन वर्षं देखरेखीखाली काम, आणि ती देखरेख बहुतेकांना स्वतःच्या पैशाने घ्यावी लागते.

मेख व्हिसात आहे. शिक्षणानंतर राहायला मिळणारी दोन वर्षं १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच मिळणार आहेत (पीएचडीवाल्यांचं वेगळं). म्हणजे देखरेखीची दोन वर्षं संपायच्या आत सामान बांधायची वेळ. माझ्याबरोबरची एक मुलगी डिग्री घेऊन परत गेली, उपाधी राहिलीच. पीएचडीची शिष्यवृत्ती मिळत असेल तर या, मास्टर्ससाठी घर गहाण टाकून नको.

—

जलतरण_आई:

धाग्याला सोडून विचारते, राग मानू नये. मुलगा तेरा वर्षांचा, पोहतो. प्रत्येक स्पर्धेच्या आदल्या रात्री उलट्या. क्रीडा मानसशास्त्रज्ञ शोधू का?

—

मैदानकाठ:

@जलतरण_आई, आधी बालरोगतज्ज्ञ, शरीराचं कारण नाही ना एवढं बघून घ्या. मग त्याला एकट्याला विचारा की हरलास तर गाडीत घरी येताना काय बोलणं होतं. उत्तर तुम्हाला आवडणार नाही कदाचित. तरी विचारा.

काकांचा मुद्दा मला पटतो, अर्धा. दहा_दशांश_नऊ, शिकवणाऱ्यांकडे बघून अभ्यासक्रम निवड, पाटीकडे नको. जिथे जाशील तिथे फोन करून विचार की विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संघाबरोबर किती तास मिळतात आणि त्यावर देखरेख कोण ठेवतं. उत्तर देताना समोरचा चाचरला की समजून जा.

—

दहा_दशांश_नऊ:

सगळ्यांचे खूप आभार. काका, एकेचाळिसावा नाही लिहिणार, शप्पथ!

दोन ठिकाणी फोन केला. एकीकडे बाई म्हणाल्या, ‘तास असं काही मोजत नाही आम्ही.’ दुसरीकडे मला उलट विचारलं की तू आत्ता कुणाबरोबर काम करतेस. काहीच उत्तर नव्हतं माझ्याकडे. इंग्लंडचं मामाला सांगितलं, त्याने बँकेची फाइल कपाटात ठेवली.

मग धीर करून सरांना विचारलं, रविवारी रेंजवर मागे नुसती बसू का, लहान मुलं सराव करतात तेव्हा. म्हणाले, ‘बस की. पण वही आणू नकोस, पोरं घाबरत्यात.’

मैदानकाठ ताई, वही नसली तर नोंदी कधी करता तुम्ही? तिथून निघाल्यावर लगेच, की रात्री?

—

मैदानकाठ:

गाडीला किल्ली लावायच्या आधी. पार्किंगमध्ये, पाच ओळी, नावं न लिहिता.